पाऊस पडून गेल्यावर : व्हिडिओ गेममधल्या पावसाच्या अभ्यासाची प्रस्तावना

‘माइनक्राफ्ट’ या गेममध्ये उघड्यावर लोखंडी कढई ठेवली आणि पाऊस आला, तर कढईत हळूहळू पाणी साठते. पाऊस थांबतो, आभाळ मोकळे होते, कढईतले पाणी मात्र तसेच राहते. आजूबाजूच्या ठोकळ्यांच्या जगात कुठे डबके नसते, झाडावरून काही टपकत नसते, पायवाट निसरडी झालेली नसते. नांगरलेली जमीन तेवढी ओली झालेली असते. पाऊस येऊन गेला याची साक्ष द्यायला ती जमीन आणि ती कढई, एवढेच उरते.

या अभ्यासक्षेत्राचा मुख्य प्रश्न त्या कढईत सामावलेला आहे. गेममधला पाऊस खरा वाटतो, असे एखादा खेळाडू म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय म्हणायचे असते? पडणाऱ्या रेषा खऱ्या वाटल्या, की ओला रस्ता? आवाज खरा वाटला, की पावसामुळे वाट बदलावी लागली म्हणून तो खरा वाटला? गेम घडवणाऱ्यांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नाची अनेक उत्तरे शोधली. ती प्रकाशशास्त्र, हवामानशास्त्र, ध्वनिशास्त्र, संगणकीय चित्रण आणि खेळाची रचना अशा वेगवेगळ्या घरांत विखुरलेली आहेत. त्यांना एका ओसरीवर बसवावे, हा या अभ्यासाचा हेतू. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पावसाचा खरेपणा पडणाऱ्या थेंबात थोडा असतो, पडून गेलेल्या पाण्यात जास्त असतो. ज्या गेमचे जग पाऊस लक्षात ठेवते, तिथला पाऊस आपल्याला पटतो.

हे वाचायला तीन प्रकारचे वाचक येतील असे मी धरले आहे. संगणकशास्त्राचे विद्यार्थी येतील, त्यांना गणित ठाऊक असेल. गेम खेळणारे येतील, त्यांना उदाहरणे तोंडपाठ असतील. तिसरा वाचक असा, की ज्याने आयुष्यात कधी गेमचा कंट्रोलर हातात धरलेला नाही, पण चाळीस-पन्नास पावसाळे पाहिले आहेत. या तिसऱ्या वाचकाने स्वतःला परका समजू नये. या विषयाची निम्मी तयारी त्याची आधीच झालेली आहे.

आधी पडणारा थेंब पाहू. चित्रात आपण थेंबाला वर टोक काढतो आणि खाली पोट फुगवतो. आभाळातून पडणारा थेंब तसा नसतो. एक मिलिमीटरपेक्षा लहान थेंब जवळजवळ गोल असतो. दोन-तीन मिलिमीटरचा थेंब हवेच्या दाबाने खालून चपटा होतो आणि बनपावासारखा दिसतो. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे तो बहुधा फुटतो. एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे 4 मीटर वेगाने खाली येतो, पाच मिलिमीटरचा सुमारे 9 मीटर वेगाने. कोणत्या पावसात कोणत्या आकाराचे किती थेंब असतात, याचे एक सूत्र मार्शल आणि पामर या संशोधकांनी 1948 मध्ये मांडले. ते आजही वापरात आहे.

या सूत्रावर एक हिशेब मांडून पाहावा. तासाला 25 मिलिमीटर असा जोराचा पाऊस धरला, तर एक घनमीटर हवेत सुमारे 3800 थेंब येतात. त्यांतले बहुतेक अगदी बारीक. आता 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 10 मीटर उंच असा एक चौक घ्या. त्यात एका क्षणी साडेतीन कोटींच्या आसपास थेंब असतील. सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या गेमला एका चित्रासाठी 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात माणसे, घरे, सावल्या, दिवे असे सगळेच उभे करायचे असते. प्रत्येक थेंब मोजून पाऊस पाडण्याचा मार्ग त्यामुळे पहिल्यापासून बंद होता. काय वगळले तरी पाऊस पाऊसच वाटेल, हे शोधत शोधत गेममधला पाऊस घडत गेला.

1991 मध्ये सुपर निन्टेंडोवर आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: अ लिंक टू द पास्ट’ची सुरुवात वादळी रात्री होते. मुलगा झोपेतून जागा होतो आणि पावसात बाहेर पडतो. तिथला पाऊस म्हणजे दृश्यावर पसरून सरकवलेला एक सपाट थर आहे. त्याला खोली नाही, त्याने काही भिजत नाही. तरीही अंधार, वाटांवर उभे पहारेकरी आणि सतत सरकणाऱ्या त्या रेषा यांतून रात्रीची धास्ती खेळाडूपर्यंत पोचते. तंत्र तुटपुंजे असले तरी पाऊस परिणामकारक होऊ शकतो, हा या क्षेत्रातला पहिला धडा.

दुसरा धागा सिनेमातून आला. आग, धूर, पाणी अशा ठाम कड नसलेल्या गोष्टी असंख्य सुट्या कणांतून उभ्या करण्याची पद्धत विल्यम रीव्हज यांनी 1983 मध्ये शोधनिबंधातून मांडली. त्याआधी ती ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या दुसऱ्या चित्रपटातल्या आगीसाठी वापरली गेली होती. गेममधला पाऊस पुढे याच कणांचा झाला. दुसरीकडे नाइनियन वांग आणि ब्रेटन वेड यांनी ‘फ्लाइट सिम्युलेटर 2004’साठी वेगळी युक्ती केली. त्यांनी कॅमेऱ्याभोवती तळाशी तळ जोडलेले दोन शंकू कल्पिले आणि त्यांच्या आतल्या बाजूवरून पावसाची चित्रे सरकवली. विमानाचा वेग वाढला की शंकू कलतात आणि पाऊस समोरून अंगावर येतो. 2005 मध्ये ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एटीआय कंपनीने नतालिया तातारचुक यांच्या पुढाकाराने ‘टॉयशॉप’ नावाचे प्रात्यक्षिक दाखवले. रात्रीचा रस्ता, खेळण्यांचे दुकान आणि पाऊस, एवढाच त्याचा विषय. काचेवरचे ओघळ, साचलेल्या पाण्यावरची वर्तुळे आणि दिव्यांचे प्रतिबिंब हे सगळे ग्राफिक्स कार्ड त्या त्या क्षणी रेखाटत होते.

नव्या वाचकाने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गेममधला पाऊस बहुधा खेळाडूच्या भोवतीच पडतो. खेळाडू चालला की पावसाची पेटीही त्याच्यासोबत चालते. लांबच्या डोंगरावर थेंब नसतात, धूसर पडदा असतो. या पेटीला घर कळत नाही, म्हणून जुन्या गेममध्ये छपरातून आत पाऊस पडताना दिसे. त्यावरचा उपाय सावलीच्या तंत्रातून आला. संगणक आभाळातून खाली पाहून उंचीचा नकाशा काढतो आणि त्या उंचीच्या खाली थेंब दाखवत नाही. पुढच्या वेळी गेममध्ये पडवीत उभे राहाल, तेव्हा कोरडी राहिलेली ती जागा या नकाशाने राखलेली असेल.

पडद्यावरच्या पावसाची रेषही तपासून पाहण्यासारखी आहे. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला 24 चित्रे घेतो आणि प्रत्येक चित्रासाठी सहसा सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग उघडा राहतो. सेकंदाला 8 मीटर वेगाचा थेंब तेवढ्यात सुमारे 17 सेंटिमीटर खाली येतो आणि फिल्मवर रेष उमटते. म्हणजे पावसाच्या रेषा ओढताना गेम बऱ्याचदा कॅमेऱ्याने पाहिलेल्या पावसाची नक्कल करतात. खरेपणा मोजताना कोणाच्या नजरेचा खरेपणा, हे आधी ठरवावे लागते.

या रेषेची चमक कुठून येते, याचा सखोल अभ्यास कोलंबिया विद्यापीठात क्षितिज गर्ग आणि श्री नायर यांनी केला. थेंब हे एक चिमुकले भिंग आहे आणि त्यात आजूबाजूच्या जगाचा सुमारे 165 अंशांचा पसारा उलटा होऊन मावतो. त्यात आभाळही आले. म्हणून काळोख्या भिंतीपुढून पडणारा थेंब भिंतीपेक्षा उजळ दिसतो आणि आभाळापुढचा थेंब जवळजवळ दिसतच नाही. आपल्याकडे हे कोणाला शिकवावे लागत नाही. पाऊस कितपत आहे हे पाहायला आपण आभाळाकडे बघत नाही. समोरच्या गर्द झाडाकडे किंवा अंधाऱ्या दाराकडे बघतो आणि रात्र असेल तर रस्त्यावरच्या दिव्याकडे. आभाळापुढे आणि झाडापुढे सारख्याच ठळक रेषा ओढणारा गेम पाहिला की काहीतरी चुकते आहे असे मनाला वाटते. काय चुकते, ते या दोघांच्या कामाने सांगता येऊ लागले.

आता पाणी जमिनीवर पोचू द्या, कारण विषय खरा इथून खोल होतो. ओली माती काळपट का दिसते? स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ अँडर्स ऑंगस्ट्रॉम यांनी 1925 मध्ये याचे उत्तर दिले. मातीवर पाण्याचा पातळ पापुद्रा असला की मातीतून विखुरलेल्या प्रकाशाचा मोठा भाग पाण्याच्या आतल्या बाजूवर आपटून पुन्हा मातीकडे वळतो. प्रत्येक फेरीत माती त्यातला काही भाग गिळते. शिवाय छिद्रांत पाणी शिरले की प्रकाश आणखी खोल जातो आणि आणखी शोषला जातो. म्हणून विटा, माती, सिमेंट, सुती कापड भिजल्यावर गडद होते; लोखंडी पत्रा किंवा चिनीमाती तशी होत नाही. छिद्रे आहेत की नाहीत, यावर सगळे ठरते.

बरेच गेम पूर्वी भिजलेल्या प्रत्येक वस्तूवर सारखीच तकाकी चढवत, आणि पावसातले शहर प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळल्यासारखे दिसे. हे बदलण्यात सेबास्तियाँ लागार्द यांच्या लेखमालेचा वाटा मोठा आहे. 2013 मध्ये आलेल्या ‘रिमेंबर मी’ या गेमसाठी काम करताना त्यांनी आधी खऱ्या पावसाळी जगाची छायाचित्रे जमवली. रस्त्याचा कुठला भाग आधी ओला होतो, पाणी फटींत कसे भरते, डबके कधी आरसा होते आणि कधी थेंबांनी फुटते, हे सगळे नोंदवले आणि मग त्याचे गणित मांडले. निरीक्षण आधी, सूत्र नंतर, हा क्रम या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने पाळावा.

प्रतिबिंबाची गोष्टही अशीच आहे. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर पृष्ठभाग अवघा 2 टक्के प्रकाश परतवतो. तिरके पाहत गेले की हे प्रमाण झपाट्याने वाढत जाते. रात्रीच्या ओल्या रस्त्यावर पायाजवळ डांबर दिसते आणि लांबवर दिव्यांचे लांबट पट्टे दिसतात, ते यामुळे. 2018 पर्यंत बहुतेक गेम प्रतिबिंबासाठी पडद्यावर आधीच असलेल्या चित्राचा पुनर्वापर करत. त्यामुळे मान किंचित खाली घातली आणि दिवा चौकटीबाहेर गेला, की डबक्यातला दिवाही विझे. प्रकाशकिरणांचा माग काढणारी ग्राफिक्स कार्डे त्या वर्षापासून घरोघरी येऊ लागली आणि डबक्यातला दिवा टिकू लागला. त्याच वर्षी ‘स्पायडर-मॅन’ या गेमवरून खेळाडूंत वाद झाला. आधी दाखवलेल्या दृश्यातली डबकी अंतिम गेममध्ये लहान झाली, अशी त्यांची तक्रार होती. डबक्याचा आकार मुद्दाम बदलला आहे, असे निर्मात्यांनी सांगितले. ज्या दृश्यावर वाद झाला त्यात पाऊस पडतही नव्हता. साचलेल्या पाण्याकडे लोक किती बारकाईने पाहतात, याची ही साक्ष आहे.

काचेवरच्या पाण्याचे उदाहरण ‘ड्राइव्हक्लब’ या मोटार शर्यतीच्या गेममध्ये सापडते. 2014 च्या अखेरीस त्यात पाऊस आला. गाडी वळली की काचेवरचे थेंब बाजूला सरकतात, वेग वाढला की वर चढतात.

आवाजाबद्दल थोडेच, पण महत्त्वाचे. पावसाला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तो ज्यावर पडतो त्याचा आवाज आपण ऐकतो. पत्रा, कौल, केळीचे पान आणि छत्री यांचा पाऊस डोळे मिटूनही वेगळा ओळखू येतो. पाण्यात पडणाऱ्या थेंबाच्या ‘टप्प’ आवाजाचे मूळ केम्ब्रिजच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले. थेंब आपटल्यावर पाण्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो, तो थरथरतो आणि पाण्याचा पृष्ठभाग थरथरवतो. म्हणजे आवाजही पडल्यानंतरच जन्मतो. चांगल्या गेममध्ये प्रत्येक पृष्ठभागावर तो कशाचा आहे याची खूण असते आणि त्याप्रमाणे पावसाचा आवाज बदलतो.

आता खेळाचे नियम. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (2017) पाऊस आला की कड्यावरून हात निसटतात, शेकोटी विझते आणि विजांच्या पावसात अंगावर धातू असेल तर वीज पडते. या पावसावर अनेक खेळाडू चिडले. त्या चिडण्याला मी मोठी दाद समजतो, कारण इथे पावसाने माणसाचा बेत मोडला. याच्या दुसऱ्या टोकाला ‘स्टारड्यू व्हॅली’ (2016) हा शेतीचा गेम आहे. त्यातला पाऊस ठिपक्याठिपक्यांचा आणि साधा आहे, पण पावसाच्या दिवशी पिकाला पाणी घालावे लागत नाही. सकाळी उठल्यावर पाऊस दिसला की खेळाडूचा जीव हलका होतो. डोळ्यांना खोटा असलेला हा पाऊस शेतकऱ्याच्या मनाला मात्र खरा आहे.

पाऊस सर्वांत नीट लक्षात ठेवतात ते मोटार शर्यतीचे गेम. ‘प्रोजेक्ट कार्स 2’मध्ये (2017) पाणी रस्त्याच्या सखल भागात साचते, पाऊस थांबल्यावरही तिथे राहते आणि हळूहळू सुकते. गाड्या ज्या वाटेने जातात तो पट्टा आधी कोरडा होतो. ‘ग्रान तुरिस्मो 7’मध्ये (2022) येणाऱ्या पावसाचे रडारचित्र चालकापुढे असते. टायर कधी बदलायचे हा निर्णय पाण्यावर अवलंबून असल्यामुळे या गेमना पाण्याचा हिशेब ठेवावाच लागला. जिथे खेळाला गरज पडली, तिथे जगाला स्मरण आले.

काही गेममध्ये पाऊस हीच कथा होते. ‘हेवी रेन’मध्ये (2010) पावसाचे पाणी चढत जाणाऱ्या जागी एक मूल अडकलेले आहे, आणि प्रकरणागणिक पडद्यावर पावसाची मोजदाद येते. पर्जन्यमापकाचा आकडा बापाच्या काळजाचा ठोका होतो. ‘रेन’ या 2013 च्या जपानी गेममधला मुलगा अदृश्य आहे. अंगावर पाऊस पडला तरच त्याची आकृती दिसते, आणि आडोशाला गेला की फक्त ओली पावले दिसतात. ‘डेथ स्ट्रँडिंग’मध्ये (2019) पाऊस ज्यावर पडतो ते म्हातारे होते, खेळाडूने बांधलेले पूल आणि निवारेही त्याने झिजत जातात. या तिन्हींत पाऊस मागे काहीतरी ठेवून जातो.

इतके होऊनही एक जागा रिकामी आहे. बहुतेक गेममधला पाऊस ही एक सर असते. ती येते आणि काही मिनिटांत जाते. तिचे सगळे रूप अनेकदा शून्य ते एक यांमधल्या एकाच आकड्यावर पेललेले असते. आकडा वाढवला की रेषा दाट होतात. मराठीतले पावसाचे शब्द या आकड्याशेजारी ठेवून पाहा. भुरभुर, रिमझिम, सर, झड, संततधार, वळीव. वळीव दुपार कलल्यावर विजा घेऊन येतो, टपोरे थेंब टाकतो आणि आटोपतो. झड दिवसच्या दिवस वाऱ्यासह लागून राहते. दोन्हींत एकूण सारखेच मिलिमीटर पडले, तरी थेंबाचा आकार, वारा, कालावधी, आवाज आणि जमिनीवरचा परिणाम सगळे निराळे. हे शब्द म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांनी केलेले वर्गीकरण आहे आणि गेमसाठी ते थेट कामाला येईल. भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेची महाबळेश्वरची प्रयोगशाळा ढग आणि थेंब यांचे मोजमाप करते. कोणा मराठी विद्यार्थ्याने ते शास्त्र आणि हे शब्द यांची सांगड घातली, तर या क्षेत्रात नवे प्रकरण सुरू होईल.

पावसाळा तर त्याहून मोठा. तो चार महिने राहतो. भिंतीला ओल धरते, जांभ्यावर शेवाळ चढते, कपडे वाळत नाहीत, घाटात पडलेल्या पावसाने खालची नदी तासांनंतर फुगते. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. ती मुंबई पडद्यावर आणायची तर रेषा दाट करून काहीच हाती लागणार नाही. गुडघ्याचे पाणी कमरेला कधी आले, रूळ कधी बुडाले, माणसे कुठे अडकली आणि कोणी कोणाला घरात घेतले, हे त्या जगाला माहीत असावे लागेल. आपला भूभाग गेममध्ये आलेलाही आहे: ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ (2017) पश्चिम घाटात घडतो. पुण्यात तयार झालेल्या ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ने (2020) इथल्या मातीतला गेम जगापुढे नेता येतो हे दाखवले आहे. पण चार महिन्यांचा पावसाळा मुरलेला गेम अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. तो व्हावा, आणि तो पाऊस ज्यांच्या अंगात आहे त्यांच्या हातून व्हावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

या अभ्यासाला महागडी साधने लागत नाहीत. एक वही घ्या. खरा पाऊस थांबल्यावर अर्धा तास अंगणात बसा आणि काय काय अजून चालू आहे ते लिहा. कुठे पाणी वाहते, कुठे मुरते, कुठला दगड आधी सुकतो. मग एखादा गेम उघडा, त्यातला पाऊस थांबेपर्यंत वाट पाहा आणि तीच यादी पुन्हा भरा. दोन पानांतला फरक हाच तुमचा पहिला निबंध. सुरुवात कुठून करावी हे सुचले नाही, तर गेममधल्या घराच्या वळचणीखाली उभे राहा आणि वर बघा. आपल्याकडे छपरावरून गळणाऱ्या पाण्याला पागोळ्या म्हणतात, आणि आभाळ उघडल्यावरही त्या बराच वेळ गळत राहतात. त्या जगात पागोळ्या अजून गळत आहेत का, तेवढे पाहा.